शाळेची पायरी आणि आई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी लिहावे, असा संपादिकाबाईंचा आग्रह झाला. मंडळाच्या वर्षभराच्या कार्याचा अहवाल चिटणीसबाई देणारच आहेत. पाककृती, ओव्या आणि आरोग्याच्या सूचना यांनाही योग्य हात लाभले आहेत. तेव्हा माझ्या वाट्याला आलेल्या पानांवर, ज्या क्षेत्रात माझे आयुष्य गेले त्या शाळेविषयीच लिहावे हे उचित. १९८० पासून २०१८ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, मी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर आणि घाटाखाली, प्राथमिक शाळांतून शिकविले. या काळात मुलांसाठी निघालेल्या कित्येक योजना पाहिल्या, मेळावे पाहिले, समित्या पाहिल्या. त्यांतून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. शाळेसाठी सरकारने काही दिले, गावाने काही दिले, तरी ते मुलाच्या पदरात पडते ते आई शाळेची पायरी चढली म्हणजे. आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात शाळेची पायरी सर्वांत शेवटी कोणी चढली असेल, तर ती आईच होय. हा इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आपला जिल्हा त्यानंतर, १८६० ते १८७० या दशकात आकाराला आला. प्रथम मेहकरचे नाव त्याला होते, पुढे घाटमाथ्यावरचे थंड हवेचे बुलढाणा हे मुख्य ठाणे झाले. खामगाव आणि जळगाव हे तालुके १९०५ साली अकोल्याकडून आपल्याकडे आले. कारभाराबरोबर कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांबरोबर सरकारी शाळा आल्या. या शाळांचा खर्च कोणाच्या घामातून निघत होता? शेतसाऱ्याबरोबर शिक्षणासाठी म्हणून पट्टी घेतली जात असे. पऱ्हाटी निंदणाऱ्या आणि ज्वारी खुडणाऱ्या बाईच्या कष्टाचा वाटा त्या पट्टीत होताच. परंतु तिचा मुलगा त्या शाळेत जाईल याची शाश्वती नव्हती, आणि मुलगी तर नाहीच नाही. पैसा घरातून शाळेकडे जाई; शाळेतून घराकडे काही येण्याची वाट मात्र फार अरुंद होती.

अशा काळात बुलढाण्यातच एक अलौकिक घटना घडली, आणि तिचे स्मरण प्रत्येक महिला मंडळाने ठेवावयास हवे. येथील कचेरीत नोकरीस असलेले बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक विचारांचे गृहस्थ होते. त्यांनी आपल्या मुलीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. तीच ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला होऊन तिला शिक्षा झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला दूषणे देण्यात येऊ लागली, तेव्हा बुलढाण्याच्या या बाईने लेखणी उचलली. १८८२ साली तिचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यास छापले गेले. पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. महात्मा जोतीराव फुले यांनी तिची बाजू आपल्या 'सत्सार' मधून जाहीरपणे घेतली. पुढे मात्र हे पुस्तक लोक विसरले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणले.

भगिनींनो, ताराबाईच्या धैर्याचे कौतुक आपण करतोच. परंतु शिक्षिका म्हणून माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. तिची शाळा तिच्या घरात होती. बापाने मनावर घेतले म्हणून ती शिकली. ज्या घरात बापूजी शिंदे नव्हते, त्या घरातल्या मुलीचे काय? याचे उत्तर एकाच घरापुरते असून चालणार नव्हते. त्याच १८८२ सालच्या ऑक्टोबरात जोतीरावांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले, ते याच प्रश्नाचे उत्तर होते. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, असे त्यांनी त्यात मागितले. खेड्यातली मुले गुरे राखण्यात आणि शेतकामात गुंतलेली असतात, तेव्हा त्यांना शाळेत आणण्यासाठी शिष्यवृत्त्या व बक्षिसे यांसारखी उत्तेजने हवीत, असेही त्यांनी सुचविले. मुलाला शाळेत आणावयाचे, तर त्याच्या घरची अडचण आधी ओळखली पाहिजे, हा विचार आज आपल्याला साधा वाटतो. त्या वेळी तो नवा होता. या जोतीरावांचे पहिले चरित्र १९२७ साली लिहिले, तेही आपल्याच जिल्ह्यातील चिखलीचे पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी. म्हणजे हा विचार आपल्या मातीत परका नव्हता.

यानंतरचा काळ हा लोकांनी स्वतः उभारलेल्या शाळांचा आणि वसतिगृहांचा. मध्यप्रांतात १९२० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि स्थानिक संस्थांना सक्ती करण्याची मुभा मिळाली. असहकाराच्या लाटेत खामगावी लोकमान्यांच्या नावाने राष्ट्रीय शाळा निघाली. अमरावतीस पंजाबराव देशमुखांनी १९२६ साली श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ पासून श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने त्या कार्याच्या शाखा वऱ्हाडभर पसरल्या. गाडगेबाबा तर गावोगाव खराटा घेऊन हिंडत आणि कीर्तनात सांगत की, भांडी विका, लुगडे हलके घ्या, पण पोराला शिकविल्यावाचून राहू नका. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी सर्व जातींच्या मुलांना आपल्या हाताने जेवू घातले आणि वसतिगृहासाठी अंगावरचे दागिने दिले. घरटी मूठभर धान्य काढून ठेवावयाचे आणि ते मुलांच्या जेवणासाठी द्यावयाचे, अशी मुष्टिफंडाची रीतही त्या काळी रूढ झाली.

या सगळ्या कार्यात बाई कोठे दिसते? मुष्टिफंडाची मूठ तिची, वसतिगृहाची भाकर तिची, मुलाच्या शिदोरीचे फडके तिचे. पण संस्थेच्या सभेच्या वृत्तांतात तिचे नाव शोधावयास जावे तर क्वचितच सापडते. तिने शाळेला अन्न पुरविले. शाळेने तिला आत बोलाविले नाही. यात कोणा एका माणसाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. काळाची रीतच तशी होती. परंतु त्या रीतीचा परिणाम असा झाला की, मुलाची शाळा ही बापाची बाब आणि मुलाची भूक ही आईची बाब, अशी वाटणी घराघरांत पक्की झाली.

ही वाटणी मोडावयास सुरुवात झाली ती स्वातंत्र्यानंतर, आणि ती आपल्यासारख्या मंडळांच्या हातूनच. १९५२ साली गांधीजयंतीस समुदाय विकास योजना सुरू झाली. १९५३ साली दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. ग्रामसेविका आणि मुख्यसेविका खेड्यांतून हिंडू लागल्या. महिला मंडळे निघाली, शिवणाचे वर्ग निघाले आणि त्यांच्या जोडीला बालवाड्या निघाल्या. ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे मुलांच्या अंगणातच शाळा नेण्याचा प्रयोग केला. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला त्यांनीच दिला. १९७५ साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द खेडोपाडी गेला. बालवाडीचे मोठे उपकार हे की, तेथे मुलाला सोडावयास आणि आणावयास आई जाई. तिला लिहिता येवो अथवा न येवो, मुलाची बाई तिच्याशी बोले. शाळेतल्या माणसाने आईशी बोलावयाचे असते, हा पाठ प्रथम बालवाडीने घालून दिला.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा जवळ आली. पण घराची विपत्ती शाळेपर्यंत कशी पोहोचते, हे कळावयास १९७२ चा दुष्काळ यावा लागला. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या घाटावरच्या गावी विहिरींनी तळ गाठला होता, आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात आणि घरात मिलो ज्वारीची लाल भाकर असे. शाळेत सुकडी मिळे. गोडसर पिठाची ती मूठ कागदावर घेऊन आम्ही ओळीने बसत असू. माझ्या वर्गातल्या कित्येक मुली त्या सुकडीसाठी शाळेत टिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. निम्मी तेथे खावयाची आणि निम्मी धाकट्या भावंडासाठी परकराच्या ओच्यात बांधून न्यावयाची, असा आमचा नेम होता. गुरुजी ते पाहत आणि पाहून न पाहिल्यासारखे करीत. शाळेतले अन्न हे एकट्या मुलाचे अन्न नसते, ते घराचे असते, हे त्या गुरुजींना ठाऊक होते.

येथे आपल्या एका सणाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. वऱ्हाडात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई बसवितात. महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर गाणी, टिपऱ्या आणि शेवटी खिरापत ओळखण्याची मौज. मी शिक्षिका झाले तेव्हा माझ्या असे ध्यानात आले की, पालकसभेची नोटीस काढली तर चार पुरुष येतात, तेही निघण्याच्या घाईत. पण शाळेच्या ओसरीवर भुलाबाई बसविली तर खिरापतीचे डबे घेऊन साऱ्या जणी येतात. गाणी आटोपल्यावर मुलींच्या वह्या सतरंजीवर मांडून ठेवल्या, म्हणजे त्या वह्या आपोआप चाळल्या जात. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्याही पानावरचा लाल शेरा पाहून विचारीत, "बाई, हे चांगलं लिहिलं का वाईट?" सभेला येण्यासाठी बाईला कारण द्यावे लागते, भुलाबाईला येण्यासाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. शाळेने घराला बोलवावयाचे, तर घराच्या बोलीत बोलवावे, हे मला त्या ओसरीने शिकविले.

पुढच्या दोन दशकांत मुलींच्या शिक्षणासाठी राज्यात पुष्कळ सोयी झाल्या. गरीब मुलीच्या शिक्षणासाठी गावातल्याच कोणी दरमहा थोडी रक्कम द्यावी, अशी सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना १९८३ मध्ये निघाली. मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. १९९२ पासून मागास समाजांतील प्राथमिक शाळेतल्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने मुलींना शाळेत जाण्यायेण्यासाठी एस. टी. चा मोफत पास मिळाला. ज्या गावात सातवीपुढे शाळा नाही, तेथल्या मुलीला या पासाचे मोल विचारा! कित्येक मुलींचे शिक्षण केवळ त्या एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पुढे गेले आहे.

परंतु प्रत्येक सोयीच्या मागे एक कागद असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जन्माची नोंद, बँकेचे खाते, आणि आता आधार कार्ड. कचेरीत जाणे हे पुरुषाचे काम समजले जाते. ज्या घरात पुरुष शहाणा आहे तेथे कागद होतो. ज्या घरात तो व्यसनी आहे, परगावी आहे, किंवा या जगातच नाही, तेथे कागद होत नाही. आणि खरी गरज असते ती त्याच घराला. माझ्या अनुभवात योजनेचा लाभ न मिळालेल्या मुलांची यादी आणि आई कधीही शाळेत न आलेल्या मुलांची यादी या जवळजवळ एकच असत.

मध्यान्ह भोजनाचेही तसेच आहे. शाळेत मुलांना जेवण देण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात १९०६ साली तसा कायदा झाला, मद्रास शहरात १९२५ च्या सुमारास प्रयोग झाला, आणि मद्रास राज्यात कामराज यांनी १९५६ पासून ती मोठ्या प्रमाणावर राबविली. आपल्याकडे केंद्र सरकारची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. आरंभी महिन्याची हजेरी शेकडा ऐंशी भरली की मुलाला तीन किलो तांदूळ घरी नेता येई. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला आणि आपल्या शाळांतून खिचडीचा वास येऊ लागला. आज पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य आणि त्यापुढच्या आठवीपर्यंतच्या मुलामागे दीडशे ग्रॅम, असे प्रमाण आहे. २०२१ पासून योजनेचे नाव बदलले आहे. चूल तीच आहे.

या चुलीपाशी गावातल्या बचत गटाच्या बाया आल्या, ही घटना मला फार मोठी वाटते. पूर्वी मुष्टिफंडाची मूठ देणारी बाई दाराबाहेर राहत होती. खिचडी शिजविणारी बाई शाळेच्या आवारात आली. तिला कोणते मूल आज जेवले नाही हे कळते, कोण दोनदा मागते हे कळते, कोणाच्या घरी रात्री चूल पेटली नाही हेही कळते. हजेरीपटावर जे दिसत नाही ते तिला पळीवर दिसते. तिच्या या कामाचे मोल आपण काय केले? २००९ साली केंद्राने तिला दरमहा हजार रुपये ठरविले, तेही वर्षातून दहा महिने. राज्याने त्यात नंतर भर घातली, तरी ते तिच्या कष्टाच्या मानाने तुटपुंजेच आहे. आपल्या मंडळाने सत्कारासाठी नावे निवडताना या अन्नपूर्णांचा विचार अवश्य करावा.

मग आला बालकांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जोतीरावांनी मागितल्यापासून सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. शाळेच्या कारभारावर देखरेख करणे, विकासाचा आराखडा करणे, अनुदान कसे खर्च होते ते पाहणे, ही तिची कामे. म्हणजे आईला शाळेच्या कारभारात कायद्याने स्थान मिळाले. परंतु कायद्याने मिळालेली खुर्ची आणि तिच्यावर बसणे यांत अंतर आहे. ठरावाची वही घरी पाठवून सही आणविणे, किंवा बाईच्या जागी तिच्या मालकांनी येऊन बसणे, हे प्रकार आपल्यापैकी कित्येकींनी पाहिले असतील. त्यावर उपाय कायद्यात नाही. तो आपल्यात आहे.

आता ज्या प्रसंगाने मला हे सारे स्पष्ट दिसले तो सांगते. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी मदतीची घोषणा केली; त्यांत आपला बुलढाणा जिल्हाही होता. त्या वर्षांत मी घाटाखालच्या एका गावी सातवीचा वर्ग घेत होते. संक्रांतीच्या सुमारास माता-पालकांचा मेळावा भरावयाचा होता, आणि गावच्या रीतीप्रमाणे हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या मुलींच्या हाती घरोघर गेल्या. बायका पुष्कळ आल्या, कार्यक्रम थाटात झाला. दुसऱ्या दिवशी मी पट समोर घेऊन कोणाची आई आली आणि कोणाची नाही, ते पाहू लागले. न आलेल्या आठ जणी निघाल्या. त्यांतल्या पाच विधवा अथवा टाकलेल्या होत्या. आणि त्या पाचही जणींच्या मुलांचे कागद अपुरे होते.

मी त्यांच्यापैकी एकीच्या घरी गेले. ती पऱ्हाटीतून नुकतीच परतली होती. "बाई," ती म्हणाली, "कुंकवाले मले कोन बलावते? अन् आली असती त बाकीच्या बाया काय म्हनल्या असत्या?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती; पाऊस पडत नाही असे सांगावे तसे तिने सांगितले. शाळेने तिला येऊ नको असे म्हटले नव्हते. शाळेने ज्या कारणासाठी बोलाविले, त्या कारणात ती बसत नव्हती, इतकेच.

पुढच्या वर्षी आम्ही शिक्षिकांनी चिठ्ठी बदलली. 'आपल्या मुलाची वही पाहावयास या; तिळगूळ घ्या,' एवढाच मजकूर ठेवला. वाण म्हणून प्रत्येक आईच्या हाती एक कोरी वही आणि पेन्सिल दिली. गावातल्या काही वडीलधाऱ्या बायांना हे रुचले नाही. सवाशिणीचा मान मोडला असे त्या म्हणाल्या. त्यांना आम्ही नम्रपणे सांगितले की, आपापल्या घरचे हळदीकुंकू आपण अवश्य करावे, त्यात कोणी आड येत नाही. पण शाळा हे कोणाचे माजघर नव्हे, ती सगळ्या लेकरांची आहे, म्हणून सगळ्या आयांची आहे. त्यांतल्या एक आजी बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग स्वतःच एका विधवा सुनेला हाताला धरून घेऊन आल्या.

त्या वर्षी अशा परिस्थितीतल्या पाच आयांपैकी चार आल्या. एकीने मुलीची वही उघडली तर दिवाळीनंतरची पाने कोरी. मुलगी कापूस वेचावयास जात होती आणि आईला वाटे की शाळेत त्यावाचून काही अडत नाही. तिने दोनच प्रश्न विचारले : पोरगी अजून पास होईल का, आणि आठवीला पुढच्या गावी जाण्यासाठी एस. टी. चा पास मिळेल का. दोन्हींचे उत्तर होय असे होते. सोमवारी मुलगी वर्गात आली. दुसऱ्या दोघींची बँकेची खाती त्याच आठवड्यात उघडली गेली. जी पाचवी आली नाही, तिच्या मुलीचे लग्न त्याच वैशाखात झाले. तिचे नाव पटावर राहिले, ती राहिली नाही. एक चिठ्ठी बदलल्याने सारे काही सुधारते असे मी म्हणणार नाही. परंतु चार दारे उघडली, हेही खोटे नव्हे.

पुढे २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवांच्या अवमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, तेव्हा मला त्या तिळगुळाची आठवण झाली. त्याच वर्षी शाळांतून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचे मेळावे भरले. महामारीमुळे शाळा दीर्घकाळ बंद होत्या. पहिलीत येणाऱ्या मुलांनी अंगणवाडीही धड पाहिली नव्हती. म्हणून मुलाने एकेका मेजापाशी जाऊन उड्या माराव्यात, रंग ओळखावेत, गोष्ट सांगावी, वस्तू मोजाव्यात, आणि शेवटच्या मेजापाशी आईला घरी काय करून घ्यावयाचे ते समजावून द्यावे, अशी त्यांची मांडणी होती. चारपाच आयांचा एकेक गट करून त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच मुलांकडून तयारी करून घ्यावयाची होती. बापूजी शिंदे यांनी बुलढाण्याच्या एका घरात केले, तेच आता वस्तीवस्तीतल्या आयांनी करावयाचे, असा या कल्पनेचा अर्थ मी घेते.

भगिनींनो, इतिहास सांगण्याचे प्रयोजन पुढचे पाऊल टाकण्यासाठीच असते. म्हणून मंडळापुढे काही सूचना ठेवते. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी मंडळाने एक दिवस कागदांसाठी द्यावा. ज्यांना दाखला, खाते किंवा पास यांची अडचण आहे त्यांच्याबरोबर आपल्यापैकी एकीने कचेरीत जावे. एकटीला जी कचेरी परकी वाटते, ती दोघींना वाटत नाही. सरकारी पाठ्यपुस्तके मुलांना मोफत मिळतात. पण वह्या, शब्दकोश, नकाशे, गोष्टींची पुस्तके आणि नववीपुढची पुस्तके घ्यावी लागतात. त्यांची पेढी मंडळाच्या कपाटात सहज बसेल. भाद्रपदात भुलाबाई शाळेच्या ओसरीवर बसवावी. दिवाळीनंतर वेचणी आणि सोंगणीच्या दिवसांत दर पंधरवड्यास पट पाहून, जी मुलगी आली नाही तिच्या घरी दोघींनी जाऊन यावे. आणि ३ जानेवारीस सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीस सिंदखेडराजास जन्मलेल्या जिजाऊंची जयंती, त्यानंतर लगेच संक्रांत, असा जो पंधरवडा येतो तो सगळ्या आयांचा मानावा. त्यात वाण वहीचे असावे आणि निमंत्रण सर्वांना असावे.

२०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शंभर पुरुषांत सुमारे नव्वद साक्षर होते आणि शंभर स्त्रियांत सुमारे शहात्तर. हे चौदांचे अंतर तेरा तालुक्यांतल्या कोणत्या ना कोणत्या घरात राहते. त्याला नाव आहे, पत्ता आहे, आणि बहुधा शाळेत जाणारे एक लेकरू आहे. सरकारचे हात तेथवर कागदाने पोहोचतात. आपले पाय तेथवर सहज पोहोचू शकतात. येत्या वर्षी मंडळाच्या प्रत्येक सभासद भगिनीने अशा एका आईला बरोबर घेऊन शाळेची पायरी चढावी, एवढी विनंती करून आणि मंडळास उदंड आयुष्य चिंतून मी हा लेख पुरा करते.